प्रश्न तुमचे: प्रोस्टेटचा कॅन्सर आणि कातडीवर आलेली गाठ

या वेळी पत्रं वेगवेगळ्या वाचकांची होती पण विषय फिरून फिरून एकच, घरात कोणालातरी प्रोस्टेटचा कॅन्सर होऊन गेलाय किंवा चालू आहे, आता अंगावर काहीतरी उगवलंय आणि ते नेमकं काय हे कोणी धड सांगत नाहीये. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो, रागावू नका.

प्रश्न: माझे बाबा ७१ वर्षांचे आहेत. चार वर्षांपूर्वी प्रोस्टेट कॅन्सर निघाला, तेव्हाच हाडात थोडा गेलेला होता. हार्मोनचं इंजेक्शन चालू आहे, पीएसए (प्रोस्टेटच्या पेशी बनवतात ते प्रोटीन, रक्तात मोजतात) एकदम खाली गेला होता, आत्ता १.८ आलाय म्हणजे चारच्या खूपच आत. पण गेले दोन-अडीच महिने ओटीपोटावर आणि उजव्या जांघेजवळ कडक गाठी आल्यात, आधी एकच होती आता चार-पाच आहेत. दुखत नाहीत, खाजत नाहीत. फॅमिली डॉक्टरांनी गळवं समजून अँटिबायोटिकचे दोन कोर्स दिले, काहीच फरक नाही. स्किनचे डॉक्टर म्हणतात तुकडा काढून तपासू. आई म्हणते पीएसए चांगला आहे तर कशाला कापाकापी, आणि कॅन्सरला हत्यार लागलं की तो पसरतो. आम्ही काय करावं?

उत्तर: तुकडा काढू द्या, आणि याच आठवड्यात जमलं तर याच आठवड्यात.

आधी पीएसएचं बघू कारण सगळा घोळ तिथे आहे. तो चारचा आकडा ज्याला कॅन्सर माहीतच नाही अशा माणसाच्या तपासणीसाठी वापरतात, आणि तिथेही तो काही दगडावरची रेघ नाहीच. तुमच्या बाबांचं हार्मोनवर उपचार चालू असताना बघायचं असतं ते म्हणजे आकडा सगळ्यात खाली कुठपर्यंत गेला होता आणि तिथून आता वर चढतोय का. समजा तो ०.१ पर्यंत उतरला होता आणि आता १.८ आहे तर लॅबच्या कागदावर कितीही नॉर्मल छापलेलं असलं तरी तो वाढलेला आहे. जुने सगळे रिपोर्ट काढा, तारखेप्रमाणे लावा आणि कॅन्सरच्या डॉक्टरांसमोर ठेवा. सोबत रक्तातला टेस्टोस्टेरॉन, म्हणजे हे इंजेक्शन जो पुरुषी हार्मोन दाबतं तो, तपासला नसेल तर तो करायला सांगा, इंजेक्शन काम करत असेल तर तो ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली हवा. तो खाली असूनही आजार पुढे सरकत असेल तर मग हार्मोनला न जुमानणारा टप्पा आला असं धरतात आणि औषधं बदलतात.

आणि दुसरं म्हणजे पीएसए अजिबात न वाढताही हा कॅन्सर पसरू शकतो. बरीच वर्षं हार्मोनचे उपचार घेतलेल्या काही जणांत त्या पेशी स्वभावच बदलतात, पीएसए बनवणं जवळपास सोडून देतात, त्याला न्यूरोएंडोक्राइन प्रकार म्हणतात आणि तो अंगात वेगाने फिरतो. त्यामुळे पीएसए चांगला म्हणून गाठ चांगली, हा हिशेब चुकीचा आहे, आईंना एवढं नक्की सांगा.

आता गाठींबद्दल. प्रोस्टेटचा कॅन्सर बाहेर पडला की साधारणपणे हाडात आणि लिम्फ नोडमध्ये (जांघेत, पोटात असलेल्या लिम्फच्या ग्रंथींत) जातो, नंतर लिव्हर, फुप्फुसं. कातडीत तो क्वचितच येतो, शंभरात एकालाही नाही. म्हणूनच तर डॉक्टरांच्या मनात तो पटकन येत नाही, फॅमिली डॉक्टरांना मी दोष देणार नाही, गळू रोज बघायला मिळतं आणि हे आख्ख्या प्रॅक्टिसमध्ये एखाद्या वेळी. पण येतो तेव्हा बऱ्याचदा तुम्ही लिहिलंय तसाच येतो, ओटीपोट, जांघ, मांडीचा वरचा भाग, जननेंद्रिय, कधी छाती किंवा डोकं. कडक, न दुखणाऱ्या, कातडीच्याच रंगाच्या नाहीतर गुलाबी-जांभळट गाठी, आठवड्या-आठवड्याला वाढणाऱ्या. काहींना गाठ येतच नाही, नुसता कातडीचा जाड लालसर चट्टा असतो जो सेल्युलायटिस म्हणजे कातडीचं इन्फेक्शन वाटतो, पण ताप नसतो आणि अँटिबायोटिकने हलत नाही. काहींना एका पट्ट्यात फोड आल्यासारखं दिसतं, घरचे म्हणतात नागीण आहे. पाय आणि वृषणाची पिशवी सुजून कातडी जाड होणं हेही एक रूप आहे, तिथे पेशी कातडीतल्या लिम्फच्या नळ्या तुंबवतात.

मग हे सगळं डोळ्याने बघून ओळखता येतं का? नाही येत. अनुभवी स्किन स्पेशालिस्टलाही संशय येईल, खात्री नाही. ती चरबीची गाठ असू शकते, कातडीचाच वेगळा कॅन्सर असू शकतो, आणि हे लोक विसरतात पण दुसऱ्याच अवयवाचा कॅन्सरही असू शकतो, कारण पुरुषांच्या कातडीत पसरून येणारे कॅन्सर बघितले तर फुप्फुस, मोठं आतडं आणि मेलानोमा (कातडीतल्या रंगपेशींचा कॅन्सर) यांचा नंबर प्रोस्टेटच्या बराच आधी लागतो. आणि हो, एक अगदी साधी शक्यता, इंजेक्शन पोटावरच घेतात का ते सांगा. पोटाच्या कातडीखाली दिली जाणारी काही हार्मोनची इंजेक्शनं टोचल्या जागी लाल कडक गाठ करतात, ती थोड्या दिवसांत बसते. बाबांच्या गाठी जांघेतही आहेत आणि वाढतायत म्हणून मला ते कमी वाटतं पण डॉक्टरांना टोचण्याच्या जागा आणि तारखा सांगून ठेवा.

हत्यार लागलं की पसरतो, याला कातडीच्या बायोप्सीच्या बाबतीत काही आधार नाही. ही गाठ प्रोस्टेटची असेल तर ती आतून रक्तातून किंवा लिम्फमधून तिथे आलेलीच आहे, तुकडा काढल्याने ती नव्याने कुठे जात नाही. न काढल्याने मात्र चुकीच्या औषधांवर अजून दोन महिने जातात.

तुकडा कसा काढतात तेही सांगतो म्हणजे आईंची भीती कमी होईल. जागा बधिर करायचं इंजेक्शन देतात, त्याची दोन सेकंद चुणचुण, मग कागदाला भोक पाडायच्या पंचसारखं बारीक गोल पातं फिरवून ४ मिलिमीटरचा दंडगोल काढतात, एखाददुसरा टाका, चिकटपट्टी, आणि घरी. एकच गोष्ट बघा, वरवर खरवडून घेतलेला नमुना इथे चालत नाही कारण या पेशी कातडीच्या खालच्या थरात आणि चरबीत बसलेल्या असतात, वरचा थर बऱ्याचदा अगदी चांगला असतो. तेव्हा पंच खोल जायला हवा, गाठ आणखी खोल असेल तर छोटा छेद घेऊन तुकडा काढतात. सुईने पेशी ओढून तपासणं म्हणजे एफएनएसी लवकर होते, घाईच्या वेळी उपयोगी आहे, पण पुढच्या सगळ्या तपासण्यांना पुरेल इतका माल त्यात मिळेलच असं नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा आणि आपल्या मनाने बंद करू नका. इन्फेक्शनचाही संशय असेल तर कल्चरसाठी वेगळा तुकडा सलाइनमध्ये पाठवावा लागतो, फॉर्मेलिनमध्ये (तुकडा टिकवायचं नेहमीचं द्रावण) टाकला की जंतू मरतात आणि कल्चर कोरडंच येतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मी फार कमी ठिकाणी नीट होताना बघतो. नमुन्यासोबत लॅबला जो फॉर्म जातो त्यावर 'प्रोस्टेट कॅन्सर, अमुक साली, हार्मोन चालू, पीएसए इतका' ही ओळ लिहिली गेली पाहिजे. तुम्ही समोर उभं राहून लिहून घ्या, लाजू नका. फॉर्मवर फक्त 'पोटावरची गाठ' एवढंच असेल तर पॅथॉलॉजिस्टला स्लाइडमध्ये कुठूनतरी आलेला कॅन्सर दिसेल पण प्रोस्टेट ओळखणारे खास रंग म्हणजे स्टेन लावायचं सुचेलच असं नाही, आणि घामाच्या ग्रंथींच्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली बऱ्याचशा अशाच दिसतात. शक्य असेल तर जुन्या प्रोस्टेट बायोप्सीच्या स्लाइड्सही सोबत द्या, शेजारी शेजारी ठेवून बघितलं की बरीच भानगड तिथेच मिटते.

तोवर घरी एवढंच करा की गाठींचे फोटो शेजारी पट्टी ठेवून, एकाच उजेडात काढा. दाबू नका, शेकू नका, फोडायचा प्रयत्न तर नकोच.

प्रश्न: मिस्टरांचं नऊ वर्षांपूर्वी प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं होतं. आता डोक्यावर गाठ आली ती काढली, रिपोर्टमध्ये पुअरली डिफरन्शिएटेड मेटास्टॅटिक कार्सिनोमा (दुसरीकडून पसरून आलेला कॅन्सर) असं लिहिलंय, खाली लिहिलंय की पीएसएचा स्टेन निगेटिव्ह, सीके ७ निगेटिव्ह, सीके २० निगेटिव्ह. एक डॉक्टर म्हणाले म्हणजे प्रोस्टेटचा नाही, दुसरीकडे कुठे आहे ते शोधा. आता एकामागून एक स्कोपी, म्हणजे नळीचा कॅमेरा आत घालून तपासण्या, करायच्या म्हणतायत. खरंच लागतील का?

उत्तर: लागतीलही, पण त्याआधी त्याच तुकड्यावर थोडं काम बाकी आहे आणि ते स्कोपीपेक्षा सोपं आहे, मिस्टरांना काही टोचावं लागणार नाही.

स्टेन म्हणजे काय तर पेशीत एखादं ठरावीक प्रोटीन आहे का हे रंगाने दाखवणारी तपासणी. प्रोस्टेटच्या पेशीत पीएसए असतो म्हणून तो स्टेन पहिला लावतात, बरोबरच आहे. पण कॅन्सर जितका बिघडलेला, म्हणजे पुअरली डिफरन्शिएटेड, तितकी ती पेशी आपली जुनी ओळख टाकत जाते आणि पीएसए निगेटिव्ह येऊ शकतो. अशा वेळी एनकेएक्स ३.१ नावाचा स्टेन जास्त भरवशाचा ठरतो. सोबत पीएसएमए, प्रोस्टीन, पीएसएपी यातले एक-दोन लावतात. एकावर विसंबायचं नाही, कारण उलटंही होतं, स्तनाच्या आणि लाळग्रंथीच्या काही गाठींत पीएसए पॉझिटिव्ह सापडलेला आहे.

तुमच्या रिपोर्टमधले सीके ७ आणि सीके २० (हीही पेशीतली प्रोटीनंच) दोन्ही निगेटिव्ह, हे खरं तर प्रोस्टेटशी जुळणारं आहे. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये सहसा २० पॉझिटिव्ह येतो, फुप्फुसाच्या ॲडिनोकार्सिनोमामध्ये (ग्रंथीसारख्या पेशींचा कॅन्सर) सहसा ७, आणि प्रोस्टेटमध्ये बहुतेक वेळा दोन्ही नाही. यावरून निकाल लागत नाही, दुसरेही काही कॅन्सर दोन्ही निगेटिव्ह देतात, पण 'म्हणजे प्रोस्टेटचा नाही' असं त्यातून निघत नाही एवढं मात्र नक्की.

तेव्हा लॅबला विचारा की एनकेएक्स ३.१ लावला होता का, आणि फॉर्मवर नऊ वर्षांपूर्वीचं ऑपरेशन लिहिलेलं होतं का. माझा अंदाज आहे की नसेल, जुनी ऑपरेशनं लोक सांगत नाहीत, त्यांना वाटतं ते प्रकरण संपलं. लॅबमध्ये मेणाचा ब्लॉक जपून ठेवलेला असतो, त्यातून नवीन काप काढून नवीन स्टेन लावता येतात. दुसरं मत घ्यायचं असेल तर नुसता रिपोर्ट नाही, नुसत्या स्लाइड्सही नाहीत, ब्लॉक मागून घ्या.

एनकेएक्स ३.१ही निगेटिव्ह आला तर न्यूरोएंडोक्राइन प्रकार आहे का हे बघणारे स्टेन आहेत, सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन, आयएनएसएम १. इथे एक चकवा आहे, टीटीएफ १ हा स्टेन लोक फुप्फुसाचा म्हणून ओळखतात पण प्रोस्टेटच्या स्मॉल सेल प्रकारातही तो पॉझिटिव्ह येऊ शकतो, आणि मग सगळे फुप्फुस शोधत बसतात. आणि कातडीचा स्वतःचाही एक न्यूरोएंडोक्राइन कॅन्सर असतो, मर्केल सेल, त्यात सीके २० ठिपक्यासारखा उमटतो, तुमच्याकडे तो निगेटिव्ह आहे म्हणून ती शक्यता मागे पडते.

रक्तातला पीएसए केला का हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर उद्याच करा. ऑपरेशन करून प्रोस्टेट काढलेल्या माणसाच्या रक्तात तो जवळपास सापडायलाच नको, सापडला तर ती मोठी खूण. ही दोन कामं झाली आणि तरीही काही हाती लागलं नाही तर मग स्कोपीचं बोलू.

प्रश्न: मी स्वतः पेशंट आहे. प्रोस्टेट कॅन्सरची ॲपाल्युटामाइड ही गोळी सुरू करून दोन महिने झाले, छातीवर पाठीवर हातांवर लाल पुरळ उठलंय आणि प्रचंड खाज आहे. कॅन्सर कातडीत आला का? झोप उडालीये.

उत्तर: तुम्ही सांगताय त्यावरून हे औषधाचं पुरळ वाटतं. या गोळीने पुरळ येणं चांगलंच नेहमीचं आहे, ज्या मोठ्या चाचणीवरून गोळीला मान्यता मिळाली त्यात साधारण चारातल्या एकाला आलं होतं, आणि येतं ते बहुधा पहिल्या काही महिन्यांतच. पसरलेल्या कॅन्सरच्या गाठी सहसा खाजत नाहीत, अंगभर एकदम उठत नाहीत आणि हाताला कडक लागतात. डॉक्टरांना आजच फोन करा, खाजेची गोळी, लावायचं स्टेरॉइड मलम, कधी काही दिवस औषध थांबवून कमी डोसवर परत सुरू, असं करून बहुतेकांचं निभतं. पण तोंडात किंवा डोळ्यांत फोड, ताप, कातडी सोलून निघणं यातलं काही असेल तर फोनही नको, सरळ इमर्जन्सीत जा.

प्रश्न: बेंबीत छोटी कडक गाठ आहे, थोडं पाणी येतं. आजोबांना प्रोस्टेटचा त्रास आहे पण कॅन्सर कधी तपासलेला नाही. हर्निया असेल का?

उत्तर: हर्निया असू शकतो, तो खोकल्यावर फुगतो आणि दाबला की बऱ्याचदा आत जातो. कडक, आत न जाणारी, पाझरणारी गाठ असेल तर मात्र नुसतं मलम लावून बसू नका. बेंबीतल्या अशा गाठीला सिस्टर मेरी जोसेफ हिचं नाव आहे. ती अमेरिकेत मिनेसोटातल्या रॉचेस्टरच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये नर्स होती, सर्जन विल्यम मेयो यांची ऑपरेशनमधली सहाय्यक, पेशंटची कातडी साफ करताना तिच्या लक्षात आलं की बेंबीत अशी गाठ असलेल्यांच्या पोटात कॅन्सर पसरलेला निघतो. ती १९३९ मध्ये वारली आणि पुढे १९४९ मध्ये हॅमिल्टन बेली या इंग्लिश सर्जनने पुस्तकात तिचं नाव त्या गाठीला दिलं. एवढ्या सर्जन लोकांच्या गर्दीत निरीक्षण नर्सचं होतं हे मला फार आवडतं.

ही गाठ बहुतेक वेळा जठर, आतडं, स्वादुपिंड यांच्या कॅन्सरची निघते, प्रोस्टेटची फार क्वचित. तेव्हा आजोबांचा आधी बायोप्सीचा तुकडा, पोटाचा सीटी आणि रक्तातला पीएसए. प्रोस्टेट वाढल्यावर देतात ती फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइडची गोळी चालू असेल तर जरूर सांगा, सहा महिने-वर्षभर घेतली की ती पीएसए जवळपास निम्म्यावर आणते आणि आकडा फसवा दिसतो.

प्रश्न: मामांच्या मांडीवरच्या गाठीची बायोप्सी झाली, प्रोस्टेटचाच कॅन्सर निघाला. आता पुढे तपासण्या कुठल्या? का आता काही करण्यात अर्थ नाही?

उत्तर: अर्थ आहे. कातडीत आला म्हणजे आजार पुढच्या टप्प्यात आहे हे खरं, गोड बोलून काही उपयोग नाही, जुन्या केसेसमध्ये त्यानंतरचं आयुष्य बऱ्याचदा महिन्यांतच मोजलेलं दिसतं. पण त्यातल्या कितीतरी केसेस आत्ताची औषधं यायच्या आधीच्या आहेत.

तपासणीत पहिलं म्हणजे बाकी कुठे कुठे आहे ते बघणं. पीएसएमए पेट स्कॅन (प्रोस्टेटच्या पेशींवरचं पीएसएमए प्रोटीन अंगभर शोधणारा) मिळत असेल तर तो, नाहीतर सीटी आणि बोन स्कॅन. पेटच्या वेळी एक सांगून ठेवा, नेहमीचा स्कॅन डोक्यापासून मांडीच्या मध्यापर्यंतच घेतात, मामांची गाठ त्याच्या खाली असेल तर ती फोटोत येणारच नाही, त्यामुळे कातडीवर कुठे कुठे गाठी आहेत ते टेक्निशियनला दाखवा. बारीक गाठ स्कॅनमध्ये उजळली नाही म्हणून ती नाही असं होत नाही. न्यूरोएंडोक्राइन निघाला असेल तर पीएसएमए चमकतच नाही बऱ्याचदा, तिथे साखरेवर चालणारा एफडीजी पेट लागतो आणि औषधंही वेगळी, प्लॅटिनमवाली केमो.

दुसरं म्हणजे जीनची तपासणी, बीआरसीए १, बीआरसीए २, एटीएम ही डीएनए दुरुस्त करणारी जीन्स आणि एमएसआय, म्हणजे डीएनएमध्ये चुका साठत गेल्याची खूण. इथे कातडीच्या गाठीचा उलट फायदाच होतो बघा. हाडातून काढलेला तुकडा मऊ करायला ॲसिडमध्ये ठेवला की डीएनए खराब होतो आणि रिपोर्ट फेल जातो, कातडीचा तुकडा ताजा, सहज मिळणारा. बीआरसीएमध्ये बिघाड सापडला तर ओलापॅरिबसारख्या गोळ्या देता येतात, एमएसआय हाय निघाला तर इम्युनोथेरपी. ब्लॉकमध्ये माल शिल्लक आहे का ते आत्ताच विचारा, सगळा स्टेनमध्ये संपवून टाकतात कधीकधी. बीआरसीएचा बिघाड जन्मजात असला तर तो तुमच्या मामेभावंडांना आणि तुमच्या आईलाही लागू होऊ शकतो, तेव्हा रक्ताचीही तपासणी होईल.

गाठ दुखत असेल, वाहत असेल तर त्या जागेपुरतं रेडिएशन देतात, वास येत असेल तर मेट्रोनिडाझोलचं जेल चांगलं काम करतं. आणि यादीबाहेरचं एक, मामांची पाठ नव्याने दुखायला लागली आणि पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली तर मणक्यात दाब आलेला असू शकतो, त्याच दिवशी, त्याच रात्री हॉस्पिटल.

प्रश्न: माझ्या पोटावर अशा गाठी आहेत, निदान झालंय. नातवंडं मांडीवर येऊन बसतात, सुनेला काळजी वाटते. त्यांना लागण होईल का?

उत्तर: नाही होत. हा जंतू नाही, तुमच्याच पेशी आहेत, त्या दुसऱ्याच्या अंगात जाऊन रुजत नाहीत. मुलांना मांडीवर घ्या, त्यांच्यासोबत जेवा, टॉवेलही वेगळा नको. गाठ वाहत असेल तर वर ड्रेसिंग ठेवा आणि ते बदलणाऱ्याने हातमोजे घालावेत, ते साध्या इन्फेक्शनच्या काळजीपोटी, कॅन्सरच्या नाही. फक्त पेट स्कॅनच्या दिवशी काही तास आणि कॅन्सरवरच्या उपचाराचं ल्युटेशियमचं रेडिओॲक्टिव्ह इंजेक्शन घेतलंत तर काही दिवस लहान मुलांपासून आणि गरोदर बायकांपासून लांब राहायला सांगतात, नेमके किती ते तुमच्या डोसवर ठरतं, न्यूक्लिअर मेडिसिनवाले लिहून देतील, तो कागद सुनेच्याच हातात द्या.